‘खाट नाही’ हे उत्तर पुरेसं आहे का?

प्रश्न : अपघातात वडिलांच्या डोक्याला जबर मार लागला. सरकारी रुग्णालयाने ‘खाट रिकामी नाही, दुसरीकडे न्या’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. नातेवाईक म्हणतात, फुकटच्या उपचारांबद्दल तक्रार कसली करता? कायद्याने खरंच काही करता येत नाही का? – एक वाचक

उत्तर : करता येतं. तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं ग्राहक कायद्यापुरतं बरोबर आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणारं रुग्णालय त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. केसपेपरच्या नाममात्र पैशांनी त्यात फरक पडत नाही. पण तुम्ही ग्राहक नसलात तरी नागरिक आहात, आणि सरकारी रुग्णालय म्हणजे खुद्द शासन. तिथे राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, थेट लागू होतं.

तुमच्यासारखाच प्रसंग १९९२च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमध्ये घडला. एक शेतमजूर रेल्वेतून पडला, मेंदूत रक्तस्राव झाला. कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. कुठे खाट नव्हती, कुठे यंत्रसामग्री. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब शासनाला सांगता येणार नाही. त्याला २५ हजारांची भरपाई मिळाली. मला त्याहून मोलाचे वाटतात ते निकालातले निर्देश : प्राथमिक आरोग्य केंद्रातच रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय, न्यायला रुग्णवाहिका, आणि कुठे खाट रिकामी आहे हे आधीच कळेल अशी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे नातेवाइकांनाच रुग्ण घेऊन दारोदार फिरावं लागतं, याची चीड यायलाच हवी.

‘आधी पोलिसांत नोंद करा’ म्हणून उपचार अडवणंही बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९च्या निकालानुसार जीव वाचवण्याचं कर्तव्य सरकारी आणि खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर आहे.

मात्र या हक्काला मर्यादा आहेत. शासनाची साधनं अमर्याद नसतात, हे १९९८ साली याच न्यायालयाने मान्य केलं. त्यामुळे हव्या त्या रुग्णालयात, हव्या त्या खर्चाने उपचार मिळावेत असा आग्रह टिकत नाही. जीव धोक्यात असताना तपासणी आणि प्राथमिक उपचारही न करता परत पाठवणं, ही गोष्ट वेगळी.

आता काय कराल? केसपेपर, रेफर चिठ्ठी, रुग्णवाहिकेची नोंद, पुढच्या रुग्णालयाची कागदपत्रं आणि बिलं जमवा. रुग्णालयाच्या अधीक्षकांना किंवा अधिष्ठात्यांना लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मग मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करा; त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. आयोग भरपाईची शिफारस करतो. बंधनकारक आदेश हवा असेल तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मोफत मदतीसाठी आपण पात्र आहोत का, ते विचारा.