आधी विचारा, मग आखा

थर्ड इयरला आमच्या ग्रुपला ट्रान्सपोर्टेशनचा मिनी प्रोजेक्ट होता. तालुक्याचं एसटी स्टँड ते कॉलेज, व्हाया हॉस्पिटल, अशी नवी बससेवा आखायची. आम्ही रस्त्यावर उभं राहून प्रवासी मोजले, ऑटोकॅडमध्ये झकास नकाशा काढला. रात्री आठनंतर प्रवासी दिसेनात, म्हणून शेवटची बस 9 ची ठेवली. सरांनी रिपोर्ट चाळला आणि एकच प्रश्न विचारला, "हे कुणाला दाखवलंत का?" आम्ही गप्प!

मग गेलो हॉस्पिटलच्या गेटवर, हातात इंग्रजी प्रश्नावली घेऊन. तिथल्या एका मावशींनी कागद उलटसुलट करून परत दिला. म्हणाल्या, "बाळा, आमची ड्युटी 9 ला सुटते. चार्ज देऊन बाहेर पडायला साडेनऊ. तुमची बस तर 9 ची. मग आम्ही अंधारात चालतच जायचं का?"

आमच्या आकड्यांत मावशी नव्हत्याच. बस नाही म्हणून प्रवासी दिसत नाहीत, आणि प्रवासी दिसत नाहीत म्हणून बस नाही! हे चक्र कुठलंही सॉफ्टवेअर दाखवत नाही. त्यासाठी माणसांनाच विचारावं लागतं. यालाच म्हणतात लोकसल्लामसलत.

खरं विचारणं कसं ओळखायचं?

नुसती सभा घेतली, चहा-बिस्किटं वाटली, सह्या घेतल्या म्हणजे सल्लामसलत झाली असं नाही. 1985 मध्ये इंग्लंडमध्ये शाळा बंद करण्यावरून एक खटला झाला. त्यातून पुढे आलेल्या चार कसोट्या 'गनिंग तत्त्वं' म्हणून ओळखल्या जातात :

1. प्रस्ताव कच्चा असतानाच विचारावं.
2. लोकांना मत बनवता येईल इतकी माहिती आणि कारणं द्यावीत.
3. विचार करून उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यावा.
4. आलेली मतं निर्णय घेण्याआधी मनापासून विचारात घ्यावीत.

आमचा प्रोजेक्ट पहिल्या दोन कसोट्यांतच नापास झाला. नकाशा पक्का करून मग गेलो, आणि माहिती दिली ती मावशींना न कळणाऱ्या भाषेत.

दोन शहरं, दोन अनुभव

पुण्यात डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशातला हा पहिलाच प्रयोग. पण बसची लेन रस्त्याच्या मधोमध, आणि बरीच कामं व्हायची बाकी. बसपर्यंत पोचायला रस्ता ओलांडायचा कसा, यावरून लोक वैतागले आणि चांगल्या कल्पनेला वाईट नाव मिळालं. अहमदाबादमध्ये 2009 साली 'जनमार्ग' सुरू करताना उद्घाटनाआधी बस चालवून पाहिल्या. लोकांना फुकट बसवलं, त्यांचं म्हणणं ऐकलं. नवी सेवा वापरायची कशी हे लोक शिकले आणि चालवणाऱ्यांनाही चुका आधीच कळल्या. नकाशावरची रेघ रबराने खोडता येते, काँक्रीटला ब्रेकर लावावा लागतो. खर्चातला हा फरक इंजिनिअरला सांगायला नकोच!

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये कलम 99 आणि 100 आहेत. एखाद्या भागातली किंवा मार्गावरची बससेवा राज्य परिवहन उपक्रमाने चालवावी, अशी योजना सरकारला या कलमांखाली आणायची असेल, तर प्रस्ताव राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेतल्या किमान एका वर्तमानपत्रात छापावा लागतो. 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकतींचा विचार करून, सुनावणीची संधी देऊन मगच योजना मंजूर होते.

म्हणजे दार उघडं आहे. पण रात्रपाळी करणाऱ्या मावशी राजपत्र वाचणार आहेत का? कायदा सांगतो ती किमान पायरी. त्यापुढे गेटवर, बाजारात, स्टँडवर आपणच जायला हवं. आणि तेही दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी, कारण सकाळी 11 च्या सभेला रोजंदारीवरचा माणूस येऊच शकत नाही.

मग पुढे काय झालं?

आम्ही प्रश्नावली मराठीत, एका पानाची केली. शेवटची बस पावणेदहाची केली. "प्रत्येक वाडीत बस आणा" ही सूचना मात्र घेता आली नाही. तेवढा फेरा मारला तर एक फेरी तासाभराने लांबत होती. पण ते परत जाऊन वाड्यांवर सांगितलं, आणि त्याऐवजी फाट्यावर थांबा दाखवला. काही जण नाराज झाले, पण ऐकून घेतलं. "नाही" म्हणायचं असेल तर कारण देऊन म्हणायचं, हाही सल्लामसलतीचाच भाग.

उद्या आपल्यापैकी कुणी रस्ता आखेल, कुणी पाणीयोजना, कुणी रुग्णवाहिकेचं वेळापत्रक. तेव्हा "लोकांना काय कळतंय?" असं मनात येईल. मित्रांनो, तेव्हा साडेनऊला गेटमधून बाहेर पडणाऱ्या मावशींना आठवा. आपल्याला डिझाइन कळतं. ते वापरायचं कुणाला आहे, हे त्यांना कळतं.