अन्नात मिसळलेले लोह रक्तात किती उतरते?

धान्य, पीठ, मीठ यांसारख्या रोजच्या पदार्थांत लोहाचा क्षार मिसळून रक्तक्षयाला आळा घालावा, ही कल्पना आता बरीच जुनी झाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काही पाश्चात्त्य देशांत गव्हाच्या पिठात लोह मिसळले जाऊ लागले. भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1970 नंतरच्या दशकात लोहयुक्त मिठाचे प्रयोग केले, आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली. गरज मोठी आहे यात शंका नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास होते, तर पाच वर्षांखालील बालकांत ते 69 टक्क्यांच्या घरात गेले होते. हा सगळाच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होतो असे नाही. तथापि त्याचा मोठा वाटा लोहाच्या कमतरतेकडे जातो.

अशा योजनांचे मोजमाप बहुधा वजनात होते. एका किलोत अमुक मिलिग्रॅम लोह मिसळले, ते पोत्यावर छापले, नमुना तपासला, आकडा जुळला. पोटात गेलेले लोह आणि रक्तात उतरलेले लोह या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत.

शरीरात शिरलेले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. त्यामुळे सारा बंदोबस्त प्रवेशद्वारावरच आहे. हे द्वार म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग, आद्यांत्र. लोहाचा साठा कमी असेल तर तेथे अधिक लोह शोषले जाते, साठा पुरेसा असेल तर शोषण मंदावते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक हे नियंत्रण करते. त्याचा शोध या शतकाच्या उंबरठ्यावर लागला. हेप्सिडिन वाढले की आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. ताप किंवा जंतुसंसर्ग असतानाही ते वाढते. वारंवार आजारी पडणाऱ्या बालकाला लोहयुक्त भात मिळूनही त्याचे रक्त का सुधारत नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रश्न ताटातील सोबतीचा. मांसमासळीतील लोहाचा एक भाग शरीर सहजी उचलते. धान्य, कडधान्य आणि भाजीपाला यांतील लोहाचे तसे नाही. गहू, ज्वारी, बाजरी यांच्या कोंड्यात असणारी फायटेट ही द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषले जाऊ देत नाहीत. वरून मिसळलेले लोह काही वेगळा परवाना घेऊन येत नाही. जठरात विरघळले की ते धान्यातील मूळच्या लोहात मिसळते आणि त्याच्याच वाट्याचे भोगते. किरणोत्सर्गी लोहाची खूण वापरून 1970 च्या आसपास केलेल्या प्रयोगांनी ही गोष्ट स्पष्ट केली. चहाचा परिणाम तर सर्वांच्या परिचयाचा व्हायला हवा. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांवर केलेल्या आणि 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पावाबरोबर चहा घेतल्यास पावातील लोहाचे शोषण जवळजवळ एक-तृतीयांशावर आल्याचे दिसले.

कोणते लोह मिसळले?

तथापि सर्वांत अधिक फरक पडतो तो लोहाच्या जातीने. फेरस सल्फेट पाण्यात चटकन विरघळते आणि चांगले शोषले जाते. पण त्याने पिठातील स्निग्धांशाला खवट वास येतो, रंगही बदलतो. म्हणून कारखानदारांचा ओढा लोखंडाच्या बारीक भुकटीकडे असतो. ती स्वस्त, टिकाऊ आणि पिठात दिसून न येणारी. स्वीडनमध्ये कित्येक वर्षे अशी भुकटी पिठात मिसळली जात होती. गोटेबर्ग येथील शास्त्रज्ञ लायफ हाल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिले की, तेथील कार्बोनिल लोहाचे शोषण फेरस सल्फेटच्या तुलनेत अवघे 5 ते 20 टक्के होते. 1995 मध्ये स्वीडनने ही योजना थांबवली. श्रीलंकेत दोन वर्षे लोहभुकटीचे पीठ खाणाऱ्या कुटुंबांच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला नाही, असा अहवाल 2004 मध्ये आला. दोन्हीकडे लोह पिठात व्यवस्थित होते. लोकांच्या रक्तात मात्र ते पोहोचत नव्हते.

उलट व्हेनेझुएलाचा अनुभव. तेथे 1993 पासून मक्याच्या पिठात फेरस फ्युमरेट आणि अ जीवनसत्त्व मिसळण्यात आले. मक्याचे पीठ तेथील लोकांचे रोजचे अन्न, आणि फायटेटचा अडसर त्यातही आहेच. तरीही काराकासच्या शाळकरी मुलांतील रक्तक्षय थोड्याच काळात 19 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आसपास आल्याची नोंद आहे.

भारतीय नियमांतही हा भेद मान्य केलेला आहे. गव्हाच्या पिठात फेरस फ्युमरेट, फेरिक पायरोफॉस्फेट यांसारखे क्षार वापरल्यास किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह हवे. सोडियम-लोह-ईडीटीए वापरल्यास 14 ते 21.25 मिलिग्रॅम पुरते. कारण ईडीटीए लोहाला फायटेटच्या तावडीतून वाचवते. तांदळासाठी बहुधा फेरिक पायरोफॉस्फेट घेतात. ते पांढरे असल्याने दाणा वेगळ्या रंगाचा दिसत नाही. तांदूळ निवडणारी गृहिणी वेगळा दाणा दिसला की तो खड्याबरोबर बाजूला काढते, म्हणून ही काळजी अनाठायी नाही. परंतु हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शोषणात फेरस सल्फेटच्या मागे पडतो.

साधा हिशेब करून पाहता येईल. दोनशे ग्रॅम तांदळातून फार तर साडेआठ मिलिग्रॅम जादा लोह मिळेल. त्यातील शंभरात पाच भाग शोषले गेले असे धरले, तर रक्तात सुमारे 0.4 मिलिग्रॅम पोहोचेल. शंभरात दहा भाग शोषले गेले तर दुप्पट. पोत्यातील लोह तेवढेच राहिले, तरी स्त्रीच्या रक्तात पडणारी भर दुप्पट झाली. लोह वाढविण्यापेक्षा शोषण वाढविणे अधिक शहाणपणाचे ठरावे, ते यासाठी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णांच्या शरीरात लोह साचत जाते. त्यांच्या बाबतीत वैद्यकीय सल्ला घेतल्याशिवाय मात्रा वाढविणे धोक्याचे होय.

शोषण वाढविण्याचे एक साधन कारखान्यात आहे. तांदळाचे पोषक दाणे घडविताना पायरोफॉस्फेटबरोबर सायट्रेटचे क्षार मिसळले तर त्याचे शोषण सुधारते. दुसरे साधन स्वयंपाकघरात आहे. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवते. वरणभातावर पिळलेले लिंबू, जेवणाबरोबर खाल्लेला पेरू किंवा आवळा हे काम करतात. लिंबू शिजवताना न घालता वाढताना पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबविल्याने फायटेट घटते. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. शालेय पोषण आहाराच्या खिचडीबरोबर प्रत्येक मुलाला लिंबाची एक फोड देण्याचा खर्चही फारसा होणार नाही.