घर विकून गाडीत राहायला निघालात, तर

बापू, तुम्ही दोघं यवतमाळचं घर विकून मोटरहोममध्ये राहायला निघालात, हे कळलं. साठीत देश बघावा असं वाटणं चांगलंच, मी मोडता घालणार नाही. पण दुय्यम निबंधक कचेरीच्या दारात दस्त लिहिण्यात माझा जन्म गेला, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. घराच्या पैशातून थेट गाडी घेऊ नका. आधी इथंच एक-दोन खोल्यांचं घर घ्या, मग उरेल त्यातून गाडी.

यात कराचाही हिशेब आहे. दोन वर्षांहून जास्त काळ नावावर असलेलं घर विकलं की भांडवली नफ्याचा कर लागतो. तो नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर सूट मिळते. तयार घर विक्रीच्या १ वर्ष आधीपासून २ वर्षांनंतरपर्यंत घेता येतं. गाडीत शेगडी असो, पलंग असो, संडास असो, कायद्याच्या लेखी ते वाहनच; त्यात घातलेल्या पैशावर ही सूट नाही. लहान घर घेऊनही नफा उरला, तर ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतो, पण विक्रीपासून ६ महिन्यांच्या आत, आणि तो पैसा ५ वर्षं अडकतो. तुमचं घर आजोबांच्या हातचं, म्हणून मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावानं धरता येईल. नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेचा अहवाल घ्या. आजोबांच्या वेळचा खर्च धरला तर नफा उगाच फुगतो.

आजोबांचं घर म्हणजे बहिणींचाही वाटा आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीनंतर तर त्यावर वादच नको. त्यांना वाटा नको असेल तर हक्कसोडपत्र नोंदवूनच घ्या. ‘त्या काही म्हणणार नाहीत’ या भरवशावर व्यवहार करू नका. गिऱ्हाइकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. मिळकत पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं लागलेली आहेत का पाहा. जागा नझूलच्या पट्ट्याची असेल तर पट्ट्याची मुदत आणि शर्ती आजच तपासा, इसार घेतल्यावर नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का कर कापून भरतो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. रोख रकमेच्या गोष्टी करणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता लहान घर कशासाठी, ते. आपल्या पुसद-दिग्रस भागात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्याच समाजातून मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईकांचं गहुली गाव त्याच मुलखातलं. रेल्वे येण्याआधी या लोकांची लदेणी चाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते दूरदूर जात, अख्खा संसार बरोबर. फिरण्यात त्यांच्याहून जाणते कोण? तरी पावसाळ्यात तेही चालत नसत, चारा-पाणी असलेली जागा बघून मुक्काम टाकत. तुम्हीही चार महिने घरी या. आपल्या काळ्या मातीत पावसात रस्ता सोडून गाडी उभी केली तर सकाळी ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. मे महिन्यातही इथं थांबू नका. पारा ४५ च्या घरात गेला की पत्र्याच्या डब्यात दुपार निघत नाही, आणि एसी चालवायचा तर बाहेरून वीज लागते. तो महिना डोंगरात काढा.

शिवाय आधार, मतदार यादी, बँक, विमा, सगळ्यांना पत्ता लागतो. पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ते आत्ताच शिकून ठेवा.

गाडीचं थोडक्यात. ओळखीच्या गॅरेजात ट्रॅव्हलर कापून पलंग बसवू नका. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करणं मोटार वाहन कायद्याला चालत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. नोंदणीत मोटर कॅरॅव्हॅन लिहिलेली गाडीच घ्या. वजन जपा: १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, चढावर ते जाणवतं. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन ५-५ वर्षांनीच वाढतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. वहिनीही चालवायला शिकू देत. हे मी आग्रहानं सांगतो. आडरानात तुम्हाला ताप आला तर गाडी गावापर्यंत कोण आणणार?

सामानाला वेळ द्या, ते काम कागदांहून जड आहे. पितळेची भांडी, जातं, पाटा-वरवंटा, शिसवी कपाट, यातलं काय कुणाला द्यायचं ते मुलींना समोर बसवून ठरवा आणि तुमच्याच हातानं द्या. देव लहान घरी ठेवा. फोटो आणि कागद स्कॅन करा, पण मूळ खरेदीखतं बँकेच्या लॉकरमध्येच. भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा.

आणि विकण्याआधी दिवाळीनंतर पंधरवडाभर गाडी भाड्यानं घेऊन राहून बघा. टिपेश्वर, मग पैनगंगेकाठी सहस्रकुंड, तिथून माहूर. रात्री कुठं थांबायला देतात, संडासाची टाकी कुठं रिकामी करायची, दोघांना इतक्या जवळ राहणं जमतं का, ते लिहून ठेवा. परत आल्यावरही मन तेच म्हणत असेल तर गिऱ्हाईक बघा. इसारपावतीचा मसुदा मला दाखवा. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय ताबा नाही, ती ओळ मी घालून देतो.