गिनीपिग चालेनासा झाला, गुडघे सुजले, कारण काय?
गिनीपिगच्या शरीरात माणसासारखेच क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोजच्या खाण्यातूनच मिळावे लागते, दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम. ते कमी पडले की काही आठवड्यांत सांधे सुजतात, केस राठ होतात, उचलताच प्राणी कळवळून ओरडतो. नुसत्या काकडी-गाजरावर ही गरज भागत नाही. रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर द्यावी. पेरूचा लहानसा तुकडा अधूनमधून चालतो. पिण्याच्या पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालणे भरवशाचे नाही, कारण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. सुके गवत चोवीस तास समोर हवे. सूज दिसताच पशुवैद्यकाला दाखवावे. खाणे थांबले असेल तर त्याच दिवशी. घरातले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक मात्र पाजू नये. आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून जीव जाऊ शकतो.