फोनवरून अटक होत नाही

'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरीही माझी आत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, स्वतःच्याच घरात कैद्यासारखी बसून होती. मोबाइल पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पडद्यावर वर्दीतला माणूस, मागच्या भिंतीवर सरकारी बोधचिन्ह. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून काळा पैसा फिरलाय, कॅमेरा बंद केलात किंवा कुणाजवळ बोललात तर लगेच उचलू, असं त्यानं बजावलेलं. अंघोळीला जायचं तरी ती त्याची परवानगी मागायची.

हे भामटे आधी माणसाला एकटं पाडतात, पैशांचं शेवटी काढतात, तेही 'पडताळणीपुरते, नंतर परत' म्हणून. 'एवढी शिकलेली बाई फसते कशी?' असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. जन्मभर कायदा पाळलेल्या माणसालाच वर्दीचा धाक जास्त असतो आणि भामटे नेमकं तेच हेरतात.

आत्याला वाचवलं बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीनं. एफडी मोडायला गेलेल्या आत्यानं पढवल्याप्रमाणे सांगितलं, "भाच्याला फ्लॅट घ्यायचाय." मुलगी म्हणाली, "काकू, भाच्याशी एकदा बोलू द्या, मग लगेच करते." आणि तिनं मला फोन लावला.

अंबाल्यातल्या एका वृद्ध दाम्पत्याला तर सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुबाडलं. ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, डिसेंबरात अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, हे त्याच वर्षी जानेवारीत न्यायालयानं बजावलं होतं.

म्हणून असा फोन आला की सरळ कट करा आणि शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. रक्कम भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे सरकते, ती काढली जाण्याआधी कळवलं तरच बँक गोठवू शकते. लाजेपायी सकाळची वाट पाहू नका. नंबर, स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवा: पोलीस, सीबीआय, कुणाचंही नाव सांगून कुणी धमकावलं तर आधी मला फोन करा, अगदी मध्यरात्रीसुद्धा. तो फोन आला की त्यांच्यावर ओरडू नका, लगेच त्यांच्याकडे निघा.