जुनी मोटारबोट पारखताना

शनिशिंगणापुरातील घरांना परंपरेने दारे नाहीत, हे सर्वश्रुत आहे. तेथील विश्वास आदरणीय खरा. परंतु त्याच नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाकडे पसरणाऱ्या नाथसागरासारख्या जलाशयासाठी जुनी मोटारबोट घेणाऱ्याने केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाची परवानगी मिळेल काय, हेही आधीच विचारावे.

नव्या रंगाला भुलू नये. फायबरग्लासचा तळ लाकडी हातोडीने हलकेच ठोकावा. नाद खणखणीत असेल तर थर एकसंध आहेत. बद्द आवाज आल्यास थर सुटले किंवा आत पाणी मुरले असावे. खरी परीक्षा बाहेरून जोडलेले इंजिन पेलणाऱ्या मागील फळीची. तिच्यातील प्लायवूड आतून कुजते, वरून मात्र काहीच दिसत नाही. इंजिनाचा खालचा भाग धरून वरखाली हलवावा; फळी लवल्यास सौदा सोडावा. भर पाण्यात ती फाटली, तर बोट मागून भरते.

इंजिन थंड असतानाच सुरू करवावे. विक्रेत्याने ते अगोदर तापवून ठेवले असल्यास शंका घ्यावी. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खालील नोंदणी व तपासणीची प्रमाणपत्रे मागावीत आणि इंजिनावरील क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा.