आपत्तीनंतरचे साहाय्य : कायद्याची बाजू व सरकारी वकिलाचे काम

अतिवृष्टी, महापूर, गारपीट किंवा भूकंप यांनी गावाचे नुकसान झाले म्हणजे महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी बांधावर येतात. त्यांच्यामागे आणखी एक अधिकारी काम करीत असतो; तो गावकऱ्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. तो म्हणजे शासनाचा विधी अधिकारी अथवा सरकारी वकील. साहाय्याचा आदेश कायद्यात बसतो की नाही, याविषयी तो सल्ला देतो. आणि कोणी न्यायालयात दाद मागितल्यास शासनाची बाजू तोच मांडतो. मात्र बुडालेले शेत त्याने पाहिलेले नसते. गावपातळीवर लिहिला गेलेला कागद हाच त्याचा आधार. म्हणून त्याच्या कामाची पद्धत ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे हिताचे आहे.

कायद्याचा आधार

या कामाचा पाया आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा होय. तातडीच्या प्रसंगी निविदा न मागविता साहित्य खरेदी करण्याची मुभा कलम ५० ने दिली आहे. परंतु त्या साहित्याच्या विनियोगाचे प्रमाणपत्र अधिकृत अधिकाऱ्याने द्यावयाचे असते. साहाय्य देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेद करण्यास कलम ६१ ने मनाई केली आहे. दुष्काळ हीदेखील या कायद्याखालील आपत्तीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ‘स्वराज अभियान’ प्रकरणात स्पष्ट केले आणि आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी राष्ट्रीय सौम्यीकरण निधी उभारण्याचाही आदेश दिला.

पंचनाम्याचे महत्त्व

सरकारी वकील प्रत्येक प्रकरणात तीन गोष्टी पाहतो : आदेश देणाऱ्यास अधिकार होता काय, सर्वांना एकच माप लावले काय, आणि नुकसानीचा पुरावा आहे काय. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावातच तयार होते.

पिकाच्या साहाय्यासाठी पूर्वी ५० टक्के नुकसान आवश्यक असे. २०१५ साली ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकास १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे दर ठरविण्यात आले.

समजा, एका शेतकऱ्याच्या १ हेक्टर २० आर सोयाबीनपैकी ८० आर पीक पाण्याखाली जाऊन पूर्ण कुजले. वरील दराने कोरडवाहू म्हणून ६,८०० रुपये होतात. तेच शेत विहिरीखाली भिजणारे असेल तर १३,६०० रुपये होतात. पंचनाम्यात ‘बागायत’ हा एक शब्द लिहावयाचा राहिला, तर शेतकऱ्याची निम्मी रक्कम गेली. ‘पिकाचे बरेच नुकसान झाले’ असे मोघम लिहिले, तर कोणत्याही वकिलाला त्यातून टक्केवारी काढता येत नाही. म्हणून गट क्रमांक, पेरलेले व बाधित क्षेत्र, पीक, त्याची अवस्था, सिंचनाचे साधन, नुकसानीचे प्रमाण, पाहणीची तारीख आणि पंचांच्या सह्या या बाबी जागेवरच लिहाव्यात.

वारस व बेपत्ता व्यक्ती

पुष्कळ शेते मृत व्यक्तीच्या नावावरच राहिलेली असतात. पूर आल्यावर विधवेला वारस ठरविण्यासाठी धावाधाव करावी लागते आणि तोवर शेजाऱ्याचे पैसे जमाही होतात. वारसाची नोंद वेळेवर करून घेणे हाच यावरील उपाय होय.

याहून कठीण प्रश्न बेपत्ता माणसांचा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ प्रमाणे सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती जिवंत आहे, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. दरड किंवा पूर यांत गेलेल्यांच्या कुटुंबांनी सात वर्षे थांबावे, हे न्याय्य नव्हे. यास्तव २०१३ च्या उत्तराखंड महापुरानंतर केंद्र शासनाने चौकशी करून व हरकती मागवून मृत्यूची नोंद करण्याची खास पद्धत घालून दिली. अशा चौकशीत त्या दिवशी गावात कोण होते, हे सांगणारी ग्रामपंचायतीची व शाळेची नोंद मोलाची ठरते.

पुनर्वसन

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावासही नवी जागा द्यावी लागली. गाव हलविण्यास जमीन लागते, आणि ती बहुधा दुसऱ्या शेतकऱ्याचीच असते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील कलम ४० नैसर्गिक आपत्तीत तातडीने ताबा घेऊ देते. पण ताब्यापूर्वी अंदाजित मोबदल्याच्या ८० टक्के रक्कम देण्याचे बंधनही घालते. एकाचे घर उभारताना दुसऱ्यावर अन्याय होऊ नये, हे पाहणे सरकारी वकिलाचे कर्तव्य आहे.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

खोटी मागणी करून साहाय्य घेणाऱ्यास आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. उलटपक्षी, सद्भावनेने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास कलम ७३ संरक्षण देते. तेव्हा दडपणाखाली आकडा वाढवू नये आणि भीतीपोटी कमीही करू नये.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावात पुढील कामे उरकावीत :

१. प्रलंबित वारस नोंदी निकालात काढाव्यात.
२. सातबारावर विहीर व पीक यांची नोंद बरोबर आहे का, हे पाहावे.
३. बँक खाते चालू व आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी.
४. पंचनाम्याची एक प्रत शेतकऱ्याने मागून घ्यावी व जपून ठेवावी.

ही कामे उघडिपीच्या दिवसांत एका सकाळीत होतात. पूर ओसरल्यावर त्यांनाच महिने लागतात.